अहवाल कोणालाही देऊ नये

३ जानेवारी, सोमवार

उघडलं! उघडलं! उघडलं!

अकरा वर्षं मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारच्या खोलीत बसून लोकांचे कान तपासले. आजपासून माझ्या स्वतःच्या दोन खोल्या, हातभर बाल्कनी, खाली चपलांचं दुकान आणि वर मी. आतल्या खोलीत तपासणीची काचेची आवाजबंद पेटी, एक माणूस बसेल एवढी. बाहेर सहा खुर्च्या, एक टेबल, आणि टेबलामागे मामा.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. चौतीस वर्षं कोर्टात कारकून होता. गेल्या वर्षी निवृत्त झाला आणि तेव्हापासून घुम्यासारखा बसून असतो. फोन उचलत नाही, हाक मारली तर ओ देत नाही. आई म्हणते, नोकरी संपल्याचं त्यानं मनाला लावून घेतलंय. "त्याला तुझ्याकडे बसव. कायद्याचं तेवढं तो बघेल आणि चार माणसांत राहील." मला काय, घरबसल्या कायदेपंडित मिळाला!

सकाळी आल्या आल्या त्यानं शिडी लावली आणि पाटीवरची, माझ्या नावाआधीची "डॉ." ही अक्षरं टर्पेंटाइननं पुसून काढली. रंगाऱ्यानं आपल्या मनानं घातली होती. "तू डॉक्टर नाहीस, चिंगे. तू श्रवणतज्ज्ञ. हे एवढं राहिलं ना, तर परिषद तुला आठवड्याच्या आत घरी बसवेल." खरंच आहे ते. आमच्या पेशाची नोंदणी करणाऱ्या या परिषदेनं स्वतंत्र दवाखान्यासाठी सहा महिन्यांची तात्पुरती नोंदणी दिलीय. तेवढ्यात माझ्याविरुद्ध एकही तक्रार सिद्ध झाली नाही, तर कायमची. झाली, तर पुन्हा बॉयलर.

मामानं भेट म्हणून लंबकाचं घड्याळ आणून आतल्या खोलीत टांगलंय. "मुद्दाम बिनआवाजाचं बघून घेतलं," म्हणाला. "तुझ्या कामात आवाज नको." घड्याळ लंगड्या घोड्यासारखं वाजतं. टक्... टकटक्. टक्... टकटक्. पण तो इतक्या कौतुकानं सांगत होता की मी नुसती मान डोलावली.

पेशंट: शून्य. खालच्या चपलांच्या दुकानातल्या बाई फक्त डोकावून गेल्या. तरी माझे पाय जमिनीला लागत नाहीयेत. दुपारी एक ते दोन तपासणी बंद; तेवढ्यात आतल्या खोलीत बसून ही वही लिहिणार.

५ जानेवारी, बुधवार

पहिला पेशंट! एक तगडा बेकरीवाला. मी एवढी खूश की त्याला बसा म्हणायच्या आधी स्वतःच बसले.

आत यायला मात्र त्याला पाऊण तास लागला, कारण मामाचा फॉर्म. सत्तावीस कलमं, सहा पानं, प्रत्येक पानावर सही. कलम चार: मला तपासणी समजली आहे. कलम पाच: समजली आहे हे मला समजले आहे. बेकरीवाला घामाघूम. शेवटी कान बघितला तर आत नुसता मळ, तोही घट्ट बसलेला, आणि तसला मळ काढायला मला परवानगी नाही. चिठ्ठी देऊन डॉक्टरकडे पाठवला. म्हणजे पहिल्या पेशंटनं सहा सह्या केल्या आणि कान होता तसाच घेऊन गेला.

मामाचं म्हणणं, तोंडी काही चालायचं नाही. नाव विचारलं की पॅड पुढे सरकवतो, "लिहा." वेळ? "लिहा." मी आतून विचारलं, "मामा, चहा घेणार?" काही उत्तर नाही. पॅड घेऊन गेले, तर त्यावर लिहावं लागलं: चहा? त्यानं खाली लिहिलं, "होय. साखर कमी," तारीख घातली आणि कागद फाइलला लावला. कायद्याच्या बाबतीत इतका कडक माणूस मी पाहिला नाही.

१९ जानेवारी, बुधवार

आज तोंडचं पाणी पळालं.

कानाच्या दवाखान्यात एक अडचण असते ती मला तळघरात कधी कळलीच नाही, कारण तिथं बॉयलर होता. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं मोठ्यानं बोलतात. आज एका निवृत्त शिक्षिकेनं पेटीत बसायच्या आधी मला त्यांच्या नणंदेनं दागिन्यांचं काय केलं ते सगळं सांगितलं, तेही वर्गात शिकवतात त्या आवाजात. रुग्णाची गुप्तता! फॉर्मचं कलम एक! परिषदेच्या नियमांतलं पहिलं पान!

त्या गेल्यावर मी धावत बाहेर आले आणि मामाच्या पॅडवर लिहिलं, "आतलं बोलणं बाहेर किती ऐकू येतं?" मामानं शांतपणे लिहिलं, "काहीही ऐकू येत नाही. निश्चिंत राहा."

हुश्श! दारावर जाड गोधडी टांगायचा बेत रद्द. मात्र एक कोडं सुटत नाही. शिक्षिकाबाई जिना उतरत असताना खुर्चीवरचे एक गृहस्थ त्यांना म्हणाले, "तुमच्या नणंदेचं चुकलंच हो." असतील ओळखीचे.

१ फेब्रुवारी, मंगळवार

काय झालंय ते नीट लिहायला हवं, कारण दुसऱ्या कुणालाच सांगता येणार नाही. खरंच नाही. कायद्यानं नाही.

सकाळी बापलेक आले. वडील अडुसष्टचे, निवृत्त घड्याळजी. कडक इस्त्रीचा शर्ट, बोटं चिमट्यासारखी बारीक. मुलगा कुठल्याशा मोठ्या कंपनीत साहेब. मुलगा म्हणाला, "बाबांना चार वर्षं ठार ऐकू येत नाही. आमच्या कंपनीनं आता आईवडिलांच्या श्रवणयंत्रांची सोय केलीय. मला फक्त तुमचा दाखला हवा, दोन्ही कानांचा, महिनाअखेरीच्या आत." मग तो वडिलांच्या पुढ्यात खुर्ची ओढून बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि सावकाश म्हणाला, "बाबा, या बाई तपासतील हं. मी बाहेरच आहे." इतकं छान बोलला की मला उगीच गहिवरून आलं.

मामानं फॉर्म भरून घेतला. कलम एकोणीस आहे, "माझा अहवाल ......... यांना देण्यास माझी हरकत नाही." लोक तिथं बायकोचं नाव लिहितात, मुलाचं लिहितात. घड्याळजींनी ते वाक्य रेघ मारून खोडलं आणि सुरेख अक्षरात लिहिलं, "अहवाल कोणालाही देऊ नये." मला वाटलं, तऱ्हेवाईक दिसतात.

पेटीत बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. पहिल्या फेरीत त्यांनी मोटारीचा हॉर्न म्हणावा एवढ्या आवाजाला बटण दाबलं. दुसऱ्या फेरीत त्याच्या निम्म्यालाच. तिसऱ्या फेरीत आणखी तिसरंच. कान असा दर फेरीला मूड बदलत नाही. मग दुसरं यंत्र काढलं. त्यात कानात एक बूच घालून बारीक आवाज सोडतात आणि आतला कान आपणहून प्रतिध्वनी देतो. माणसाची मर्जी विचारायचं कामच नाही. प्रतिध्वनी आला, खणखणीत. मला वाटलं यंत्र बिघडलं. माझ्या कानात घातलं. माझा त्यांच्याहून थोडा वाईट निघाला!

मी चक्रावून आकडे बघत होते, तोवर आजोबा उठून घड्याळापाशी गेले. खालून एका बोटानं चौकट जराशी उजवीकडे ढकलली. टक्. टक्. टक्. टक्.

"कललं होतं," ते म्हणाले. "मघापासून लंगडत होतं बिचारं."

आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. मलाही कळलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे. मला इतकं हसू येत होतं की ओठ चावले.

"मुलाला सांगू नका," ते अगदी हळू म्हणाले.

चार वर्षांपूर्वी त्यांचे कान खरोखर बंद झाले होते. जंतुसंसर्ग, तीन आठवडे. त्याआधी घरात मुलगा फोनमध्ये बघत "हं, हं" करायचा, सून स्वयंपाकघरातून हाका मारायची, नात तर त्यांच्या खोलीत पाऊलही टाकायची नाही. कान गेले आणि सगळी समोर येऊन बसायला लागली. चेहऱ्याकडे बघून बोलायला लागली. नात कानाला तोंड लावून शाळेतली गुपितं सांगायला लागली, कारण आजोबांना कुठं ऐकू जातंय!

"मग कान बरे झाले," मी म्हटलं.

"झाले. सांगणारच होतो. एका रविवारी सांगायचं ठरवलं होतं, तर त्या रविवारी मुलगा दोन तास माझ्याजवळ बसला." ते बुटाची नाडी बांधत राहिले. "बरं झालो हे सांगायचं राहून गेलं, बाई."

चार वर्षं राहून गेलं!

बाहेर मुलगा हात पुढे करून उभा. "दाखला?" मी म्हटलं, "मला दाखला देता येणार नाही." "का?" "ते सांगता येणार नाही." त्यानं माझ्याकडे पाहिलं ते पाटीकडे पाहिल्यासारखं. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक.

३ फेब्रुवारी, गुरुवार

मामाच्या पॅडवर कुणाचं नाव न घेता प्रश्न लिहिला: समजा एखाद्याचा कान चांगला आहे आणि घरचे बहिरेपणाचा दाखला मागतात, पण कान चांगला आहे हे घरच्यांना सांगायला तो माणूस मना करतो, तर?

मामा चष्मा लावून दहा मिनिटं लिहीत होता. उत्तर जसंच्या तसं:

"खोटा दाखला दिलास तर नोंदणी जाईल. गुपित फोडलंस तर नोंदणी जाईल. दोन्ही केलं नाहीस तर तक्रार येईल. तक्रार येऊ दे."

खाली सही, तारीख.

का कोण जाणे, वाचून मला एकदम गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं. आपण इतकं महत्त्वाचं काही करतोय! तळघरात मला कुणी साधी धमकीसुद्धा दिली नव्हती.

२२ फेब्रुवारी, मंगळवार

तक्रार आली. काल, रजिस्टर टपालानं, तीन पानं. "सदर बाईंनी कोणतेही कारण न देता दाखला नाकारला. त्यांना तपासणी येत नसावी किंवा त्यांचा काही अन्य हेतू असावा." अन्य हेतू! पंधरा मार्चला परिषदेपुढे सुनावणी.

गुदगुल्या थांबल्या.

आई घरी म्हणाली, "अगं, काय ते सांगून मोकळी हो ना." तिला कसं कळलं तक्रारीचं? मामानं तिला लिहून कळवलं. दोन प्रतींत.

४ मार्च, शुक्रवार

घड्याळजी हल्ली आठवड्यातून दोनदा येतात. कान दाखवायला नाही, मामाशी गप्पा मारायला. गप्पा म्हणजे चिठ्ठ्या. मामा लिहितो, ते वाचतात, ते लिहितात, मामा वाचून गडगडाटी हसतो. कित्येक महिन्यांत मामा असा हसला नव्हता. मला तर बघून मजा वाटते. एक जण ऐकू येत असून सोंग करतोय आणि दुसरा कायद्यापायी तोंड उघडत नाही. ठणठणीत कानांची दोन माणसं समोरासमोर बसून कागद संपवतायत!

आज चिठ्ठ्यांवरून भांडणही झालं. मामा कागदावर जोरजोरात अधोरेखित करत होता.

जाताना घड्याळजी मला म्हणाले, "तक्रारीचं कळलं. मी त्याला किती समजावलं, मागे घे म्हणून. पण कारण विचारतो हो. कारण काय सांगू?"

"तुम्हीच ठरवा," मी म्हटलं. मनातल्या मनात ओरडले: सांगा ना, सांगा!

१४ मार्च, सोमवार

उद्या सुनावणी.

खरं लिहिते. मी सांगून टाकणार आहे. पाच शब्द आहेत फक्त. तुमच्या वडिलांना चांगलं ऐकू येतं. एवढं म्हटलं की सुटले. माणूस खोटं वागला तो, आणि दवाखाना जायचा माझा. सहा खुर्च्या, काचेची पेटी, माझी बाल्कनी. मी काय त्यांच्या घराचा ठेका घेतलाय? सांगते. उद्या सांगते.

नाही सांगणार.

तो मुलगा गुडघ्यावर हात ठेवून बसला होता ते सारखं डोळ्यांसमोर येतं. ते माझ्या तोंडून मोडलं तर? आणि आजोबांनी मला विश्वासानं सांगितलं, पेशंट म्हणून, दाराच्या आत. दाराच्या आतलं बाहेर नेलं तर मग दार कशाला हवं? नोंदणी गेली तर गेली. बॉयलरशी माझी जुनी ओळख आहे.

पण गेली तर मी खूप रडणार आहे हेही लिहून ठेवते.

घड्याळजी आज दीडपासूनच येऊन बसलेत म्हणे. मामाशी चिठ्ठ्या चालल्या असतील. आज मला त्यांचं तोंड बघवणार नाही.

१५ मार्च, मंगळवार

उड्या माराव्याशा वाटतायत. आनंदानं! क्रमानं लिहिते, नाहीतर सगळं एकदम सांडेल.

लांबलचक खोली, लांबलचक टेबल. टेबलापलीकडे परिषदेचे तिघं. मध्ये अध्यक्षबाई, पांढरे केस, आवाज मऊ. अलीकडे एका बाजूला मी आणि साक्षीदार म्हणून मामा. दुसऱ्या बाजूला मुलगा, आणि पार मागं भिंतीपाशी घड्याळजी.

मुलानं आपलं सांगितलं. चांगलं सांगितलं, खरंच. "मला फक्त बाबांना परत ऐकू यावं असं वाटतं," म्हणाला, आणि मागं वळून वडिलांकडे बघितलं.

अध्यक्षबाईंनी मला विचारलं, "दाखला का नाकारला?"

"माझ्या रुग्णाच्या परवानगीशिवाय कारण सांगता येत नाही."

"मुलगाच तर विचारतोय."

"मुलगा माझा रुग्ण नाही." माझा आवाज कुठून आला कोण जाणे, पण आला. मी फॉर्म पुढे ठेवला. सहा पानं, सत्तावीस कलमं, आणि एकोणीसच्या पुढं ते सुरेख अक्षर. तिघांनी आळीपाळीनं वाचलं. मुलानंही वाचलं. "हे बाबांचं अक्षर आहे," तो पुटपुटला.

मग अध्यक्षबाई मामाकडे वळल्या. "हा फॉर्म तुमच्यासमोर भरला का?"

"चौतीस वर्षं," मामा ताठ बसून म्हणाला.

"काय चौतीस वर्षं?"

"एकही रजा न घेता."

मी मनात म्हटलं, वा रे मामा! काय डावपेच! कोर्टात मुरलेला माणूस सरळ उत्तर देतच नाही. अध्यक्षबाई गोंधळल्या. त्यांनी शेजारच्या सदस्याच्या कानाशी लागून काहीतरी म्हटलं. मी समोर असून मला अक्षर कळलं नाही.

आणि भिंतीपासून आवाज आला, "निलंबित? निलंबित कशापायी?"

सगळे वळले. घड्याळजी उभे होते. दोन्ही हात पाठीमागे, शाळेत उभं करतात तसे.

"बाई आत्ता म्हणाल्या, 'कारण सांगत नसेल तर निलंबित करावं लागेल.' मी ऐकलं. मला ऐकू येतं. साडेतीन वर्षांच्या वर झालं, सगळं ऐकू येतं. या मुलीला पहिल्या दिवशीच कळलं आणि मी तिला गप्प राहायला सांगितलं. आता सांगायची परवानगी देतो. लेखी हवी असेल तर लेखी देतो."

टाचणी पडली असती तर ती बहुधा फक्त त्यांनाच ऐकू आली असती, इतकं शांत झालं. मग टेबलापलीकडचा तिसरा सदस्य, जो सकाळपासून पेंगत होता, तो फस्सकन हसला. मग अध्यक्षबाई. मग, मला लाज वाटते, मी. हसताना डोळ्यांतून पाणी.

मुलगा हसत नव्हता.

"बाबा, चार वर्षं? चार वर्षं मी घसा फाडून बोलतोय तुमच्याशी?"

"घसा नाही रे फाडलास," घड्याळजी म्हणाले. "समोर बसून बोललास. त्याआधी कधी बसला होतास?"

मुलगा चालत मागं गेला, खुर्ची ओढली आणि वडिलांच्या पुढ्यात बसला. सवयीनं गुडघ्यावर हातही ठेवला.

तक्रार निकाली. अध्यक्षबाई म्हणाल्या, असा फॉर्म त्यांनी आजवर पाहिला नव्हता. एक प्रत ठेवून घेतली. मामा फुलून गेला असेल म्हणून बघितलं तर तो खिडकीबाहेर बघत होता.

आणि आता खरी गोष्ट. बाहेर व्हरांड्यात घड्याळजींनी मला बाजूला घेतलं. "एक सांगू? रागावू नका. खोटं बहिरेपण मी चार वर्षं केलं. त्यामुळे खरं कसं दिसतं ते मला कळतं."

"म्हणजे?"

"तुमच्या मामांना ऐकू येत नाही हो."

१६ मार्च, बुधवार

सकाळपासून ही वही चाळतेय. पॅड. चहा. "बिनआवाजाचं घड्याळ". "काहीही ऐकू येत नाही, निश्चिंत राहा". फोन उचलत नाही. चौतीस वर्षं!

अकरा वर्षं आणि वर अडीच महिने मी कानाची तज्ज्ञ. आणि माझ्या दारातच... मी एवढी हसले की उचकी लागली. मग रडले. एक वर्षभर तो माणूस एकटाच, काचेच्या पेटीत बसल्यासारखा, आणि आम्ही म्हणत होतो मनाला लावून घेतलंय. मग पुन्हा हसले.

पॅडवर लिहिलं, "मामा, पेटीत बस."

त्यानं वाचलं. पेनाला टोपण लावलं. मग तोंडानं म्हणाला, "कधी कळलं?"

"काल," मी लिहिलं.

"मला वाटलं पहिल्या दिवशीच कळलं असेल. तुझाच तर धंदा आहे. म्हटलं, पोरगी मोठ्या मनाची, बोलून दाखवत नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला.

पेटीत बसायच्या आधी त्यानं स्वतःचा फॉर्म स्वतःच पुढे ओढला. सत्तावीस कलमं, सहा सह्या. एकोणीस नंबरला थांबला आणि ठसठशीत लिहिलं, "अहवाल माझ्या ताईला देऊ नये." ताई म्हणजे माझी आई! म्हणजे आता मला आईशीही खोटं बोलता येणार नाही आणि खरंही.

२४ मार्च, गुरुवार

सोमवारी मामाला यंत्रं बसवली. पहिलं वाक्य: "हे काय, घड्याळ वाजतंय!" दुसरं: "खालच्या बाई गातात? रोज गातात?" रोज गातात, मामा. फार वाईट गातात. तो बाल्कनीत जाऊन अर्धा तास ऐकत उभा राहिला.

यंत्रं लपवायला त्यानं कानांवर केस वाढवायला घेतलेत. आई म्हणाली, "म्हातारपणी याला शौक सुटलेत. पण बघ, कामाला लावला म्हणून माणूस बोलका झाला! मी म्हटलं नव्हतं?" मी जीभ चावून "हो" म्हटलं. कलम एकोणीस.

घड्याळजी येऊन गेले. मुलगा चार दिवस नीट बोलला नाही. रविवारी मात्र येऊन समोर बसला, मग म्हणे तेवढंच बसला जेवढं सोंग चालू असताना बसायचा. नात सर्वांत जास्त चिडली. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी विचारलं, "मी सांगितलेलं तुम्ही कुणाला सांगितलंत का?" "नाही." "एकही?" "एकही नाही." "मग ठीक," म्हणाली आणि नवं एक सांगितलं. कानात.

काय ते त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

२ एप्रिल, शनिवार

दुपारी दारावर टकटक. मामा डोकं आत घालून म्हणाला, "चिंगे, तुला एक सांगायचंय. तू ही वही लिहितेस ना, ती मोठ्यानं लिहितेस."

"म्हणजे?"

"शब्द लिहितेस तो तोंडानं म्हणतेस. बाहेर लख्ख ऐकू येतं. आठवडाभर ऐकतोय. 'म्हातारपणी शौक सुटलेत', हेही ऐकलं."

मी गार पडले. रोज एक ते दोन! लोक पावणेदोनलाच येऊन खुर्च्या धरतात! सत्तावीस कलमं, गुप्ततेची शपथ, आणि मी आत बसून सगळ्यांचं सगळं...

"घाबरू नकोस," मामा म्हणाला. "त्या वेळी बाहेर बसतात ते कोण? कान दाखवायला आलेले. त्यांना कुठलं ऐकू येतंय? मलासुद्धा येत नव्हतं."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि तो अर्ध्यावरच अडकला. सुनावणीच्या आदल्या दिवशी मी पानभर लिहिलं होतं. सांगते, नाही सांगणार, नोंदणी गेली तर गेली, खूप रडणार आहे. आणि बाहेर दीडपासून घड्याळजी बसले होते. ज्यांना लंगडणारं घड्याळसुद्धा ऐकू येतं, ते.

त्यांनी ते ऐकलं. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीपासून उठून उभे राहिले. आणि मला आजपर्यंत एका अक्षरानं कळू दिलं नाही.

मग मामा म्हणाला, "दोन वाजले. बाहेर चार माणसं आहेत. आणि गोधडी टांग त्या दारावर."

टांगली. तरी हे शेवटचं वाक्य ओठ घट्ट मिटून लिहिलं, आणि बाहेरून मामा ओरडला, "शाब्बास! एक अक्षर आलं नाही!"